‘बेंबी सरकली’ आणि ‘सोंग करतो’: मुलांच्या पोटदुखीविषयी खुलासा

जळगाव-धुळ्याकडे मुलाचे पोट वारंवार दुखू लागले की ‘बेंबी सरकली’ म्हणून ते चोळून घेतले जाते, आणि सोनोग्राफीत काही निघाले नाही की तेच मूल शाळा बुडवण्यासाठी सोंग करते असे ठरते. दोन्ही समज चुकीचे आहेत. बेंबी हा नाळेचा उरलेला व्रण आहे. तो सरकत नाही.

आतडे आणि मेंदू यांच्यात मज्जातंतूंमार्फत सतत संदेशवहन चालते. काही मुलांत, कधी जुलाबाच्या संसर्गानंतर तर कधी ताणामुळे, हे मज्जातंतू अतिसंवेदनशील होतात आणि वायूने आतडे थोडे ताणले गेले तरी मेंदूला ती वेदना जाणवते. ही वेदना पूर्णपणे खरी असते. आतड्याची रचना बिघडलेली नसल्याने ती सोनोग्राफीत दिसत नाही, एवढेच. अशा मुलाला खोटे ठरवणे मला फार अन्यायाचे वाटते.

पोट-आतड्यांच्या अशा विकारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या २०१६ च्या आंतरराष्ट्रीय रोम-४ निकषांनुसार, महिन्यातून किमान ४ दिवस, असे किमान २ महिने होणारे आणि शौचाशी निगडित असलेले दुखणे, दुसरा आजार आढळला नाही तर, इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे वर सांगितलेला अतिसंवेदनशील आतड्याचा विकार, ठरते. मात्र वजन घटणे, शौचातून रक्त, ताप, सततची उलटी किंवा झोपेतून उठवणारी वेदना असल्यास बालरोगतज्ज्ञांकडे विनाविलंब जावे.