एका झाडाची दोन कुळं

इंग्रजीत दात उपटणं आणि माणसाचा वंश, दोन्हींसाठी 'एक्स्ट्रॅक्शन' हा शब्द चालतो. त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ 'बाहेर ओढणं'. नागपुरी संत्र्याचा वंश शोधायचा तर हे ओढणं अक्षरशः करावं लागतं, कारण पुरावा पानाच्या पेशींत, डीएनएमध्ये असतो.

कोवळं पान उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून खलात कुटतात. त्या भुकटीवर सीटॅबचं गरम द्रावण ओततात. सीटॅब साबणासारखंच काम करतं. पेशींची स्निग्ध आवरणं त्यात फुटतात. मग क्लोरोफॉर्म घालून प्रथिनं बाजूला काढायची. डीएनएवर ऋण भार असल्यामुळे तो पाण्यात विरघळलेला राहतो. द्रावणातल्या मिठाचा सोडियम हा भार झाकतो, आणि वरून थंड अल्कोहोल पडलं की डीएनए पाण्यात राहू शकत नाही. नळीत पांढरट तंतू दिसू लागतात. एवढ्याशा गढूळ धाग्यांत सगळी वंशावळ असते, हे मला अजूनही जरा अतिच वाटतं!

पण नमुना कुठून घेतला, याला महत्त्व आहे. काटोल-नरखेडकडच्या बागांत झाड सहसा बियांपासून वाढवत नाहीत. जंबेरी या लिंबूवर्गीय झाडाच्या खुंटावर, म्हणजे मुळं असलेल्या बुंध्यावर, संत्र्याचा डोळा (फांदीवरचा कोंब) बसवतात; याला डोळा भरणं म्हणतात. सांध्याच्या वरचं पान घेतलं तर डीएनए संत्र्याचा, खालचं मूळ घेतलं तर जंबेरीचा. खुंटावरचे फुटवे शेतकरी काढून टाकतो तेही म्हणूनच: ते वाढले तर फळं जंबेरीची लागतील.

लिंबूवर्गाच्या घराण्यात पपनस, महाळुंग आणि मँडरिन ही तीन मोठी मूळ कुळं. २०१८ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या जनुकीय अभ्यासाने या वर्गाचं उगमस्थान हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, म्हणजे पूर्व आसाम, उत्तर म्यानमार आणि पश्चिम युनान या पट्ट्यात दाखवलं. आपला संत्रा मँडरिन गटातला. मोसंबीत मँडरिन आणि पपनस दोघांचं रक्त आहे.

आणि जंबेरी? ती मँडरिन आणि महाळुंग यांचा संकर. त्यात मँडरिन आईच्या जागी. तेव्हा डोळा भरणारा माळी परक्या खुंटावर कलम करत नसतो, खालचं झाडही संत्र्याच्या माहेरकडचंच असतं.