अंगणवाडीतून लेकराला घरी पाठवलं तर: अर्ज कुठे करायचा, कागद कोणते लागतात

"याले आता आठ दिवस आनू नका, लय मारते हा दुसऱ्या पोट्ट्यायले." नागपुरात लहान मुलाचं 'निलंबन' होतं ते असं, दारातच. हातात कागद काही मिळत नाही. हजेरीत त्या आठ दिवसांपुढे नुसतं 'गैरहजर' लागतं, म्हणजे उद्या कुणी रजिस्टर पाहिलं तर आईनेच पोराला पाठवलं नाही असं दिसेल. म्हणून या सगळ्या प्रक्रियेतलं पहिलं काम एकच: तोंडी सांगितलेलं कागदावर आणणं.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू, कारण इथे बहुतेकांची चूक होते. शिक्षण हक्क कायदा, २००९ मधल्या कलम १६ नुसार मुलाला शाळेतून काढता येत नाही. पण त्या कायद्यात 'बालक' म्हणजे ६ ते १४ वर्षांचं मूल. चार वर्षांच्या मुलासाठी फक्त कलम १६ चा हवाला दिला तर अर्ज बाजूला पडू शकतो. अंगणवाडीसाठी मजबूत आधार दुसराच आहे, तो म्हणजे अन्नसुरक्षा कायदा, २०१३. त्याच्या कलम ५ प्रमाणे ६ महिने ते ६ वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतून मोफत आहार मिळणं हा हक्क आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला रोज किती कॅलरी आणि किती प्रथिनं मिळावीत, हे प्रमाणही ठरलेलं आहे. पोराला दारातून परत पाठवलं की त्याची खिचडीही गेली. आहार मिळाला नाही तर कलम ८ मध्ये अन्नसुरक्षा भत्त्याची तरतूद आहे. माझा सल्ला असा की अर्जात आधी खिचडी लिहा, वागणुकीचं नंतर.

पात्रतेबद्दल फार डोकं लावू नका. अंगणवाडीला उत्पन्नाची किंवा जातीची अट नाही. दारिद्र्यरेषेची अट लावू नका असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सांगितलं, आणि १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात सहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला या सेवा द्यायला सांगितल्या. भाड्याने राहणारे, बांधकामावर आलेले, सगळे आले त्यात. अर्ज आई, वडील किंवा मूल ज्यांच्याकडे राहतं ते आजी-आजोबा करू शकतात.

अर्ज कुणाकडे, हे मात्र ठिकाणावर आहे. शहरातल्या अंगणवाड्या महापालिकेच्या नाहीत. लोक सवयीने झोन कार्यालयात जातात आणि दिवस वाया घालवतात. त्या राज्याच्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेच्या नागरी प्रकल्पात येतात, म्हणून अर्ज मुख्य सेविकेमार्फत (सेविकांवर देखरेख करतात त्या) बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या नावे करा. प्रकल्पाचं नाव सेविकाताईंना विचारलं की कळतं. हिंगणा, कामठी, उमरेड अशा तालुक्यांत तालुक्याचे बाल विकास प्रकल्प अधिकारी आणि त्यांच्यावर सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा परिषदेचा महिला व बालकल्याण विभाग. मूल मनपा शाळेच्या बालवर्गात असेल तर मनपाचा शिक्षण विभाग. आणि शिक्षण हक्काच्या पंचवीस टक्के राखीव जागांतून खासगी शाळेच्या नर्सरीत असेल तर शिक्षणाधिकारी (प्राथमिक). त्या प्रवेशाला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२ चा आधार आहे, आणि त्याच कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे लेखी तक्रारीवर तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील.

कागद: मुलाचा जन्मदाखला, लसीकरणाचं माता-बाल संरक्षण कार्ड, आईचं आधार (मुलाचं नसलं तरी चालतं), आणि कॅलेंडरच्या पानाची झेरॉक्स. हो, कॅलेंडर. मूल परत पाठवलं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा घेऊन जा, परत पाठवलं की त्या तारखेच्या चौकोनात वेळ आणि कोण काय बोललं ते लिहा. हजेरीतल्या 'गैरहजर'ला हेच उत्तर. नर्सरीवाल्यांनी प्रवेशपत्रही जोडावं.

मजकूर लांबवू नका. एवढा पुरतो:

"माझा मुलगा, वय ४ वर्षे, आपल्या अंगणवाडीत नोंदलेला आहे. दि. ____ पासून त्याला आणू नये असे तोंडी सांगण्यात आले आहे. त्यामुळे त्याचा आहार व पूर्वशिक्षण बंद आहे. कोणत्या लेखी आदेशाने, ते कळवावे. त्याला लगेच बसू द्यावे व त्याची आरोग्य तपासणी करून घ्यावी."

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलंय. चावणाऱ्या, ढकलणाऱ्या मुलाला कधी नीट ऐकू येत नसतं, कधी त्याला बोलता येत नसतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. तिथून मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवता येतं. सेविकेवर कारवाईची मागणी मात्र पहिल्याच अर्जात नको. एक ताई आणि एक मदतनीस, त्यात रजिस्टरं, पोषण ट्रॅकर ॲपवरच्या नोंदी आणि भांडीकुंडी. ती चिडली तर मुलाचंच नुकसान. मारहाण झाली असेल तर गोष्ट वेगळी, मग थेट १०९८ या बाल मदत क्रमांकावर फोन.

अमेरिकेत सरकारी पैशाच्या हेड स्टार्ट बालवर्गांना २०१६ च्या नियमांनी वागणुकीवरून मूल काढून टाकायला पूर्ण मनाई केली. तात्पुरतं घरी ठेवायचं तर सुरक्षिततेला गंभीर धोका हवा, मानसिक आरोग्य सल्लागाराशी बोलणं हवं, आणि मूल परत यावं म्हणून लेखी आराखडा हवा. नियम यायच्या आधी, २०१३-१४ मध्ये, तिथल्या सरकारी शाळांच्या बालवर्गांतून ६,७४३ मुलं निलंबित झाली होती. पटावर कृष्णवर्णीय मुलं १९ टक्के, निलंबितांत ४७ टक्के. नोंद होती म्हणून हे दिसलं तरी. लेखी आराखड्याची मागणी आपणही दुसऱ्या अर्जात करू शकतो, त्याला कुणी अडवलेलं नाही.

अर्ज दोन प्रतींत न्या. एका प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर स्पीड पोस्टाने पाठवा. पंधरा दिवसांत काही हललं नाही तर माहिती अधिकारात एकच प्रश्न विचारा: "माझ्या मुलाला परत पाठवण्याच्या लेखी आदेशाची प्रत द्यावी." दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, दीडशे शब्दांच्या आत लिहा. दारिद्र्यरेषेचं कार्ड असेल तर तेही दहा रुपये लागत नाहीत, कार्डाची झेरॉक्स जोडायची. उत्तराची मुदत तीस दिवस.