खिळा ठोकून नर पपई मादी होत नाही

पपईला फुलं येतात पण फळ धरेना, की कोल्हापुरात कुणीतरी हमखास सांगतं, "नर हाय ते. बुंध्यात खिळा ठोका, मादी होतंय बघा." असं होत नाही. पपईचं लिंग बियातच, गुणसूत्रांवर ठरलेलं असतं. खिळ्यानं जखम तेवढी होते, आणि त्यातून कूज आत शिरू शकते.

मग काही नरांना पुढं फळं लागतात ती कशी? हवामान पालटलं की नराच्या लोंबत्या तुऱ्यांवर मधूनच द्विलिंगी फुलं येतात, आणि लांब देठाची लहान फळं धरतात. श्रेय मात्र खिळ्याला!

रोप बघून नर-मादी ओळखता येत नाही, विकणारा काहीही म्हणो. फुलांवर कळतं: नराचे लांब तुरे, मादीचं फुगीर बुडाचं फूल खोडालगत. म्हणून देशी वाणाची २-३ रोपं लावावीत. सगळे नर उपटू नका. सुमारे १० माद्यांना एक नर पुरतो. तैवान ७८६ म्हणजे 'रेड लेडी' लावली तर ही भानगडच नाही, तिच्यात नर निघत नाहीत.

आपल्याकडच्या पावसात पपईला खरा धोका बुडाशी साचलेल्या पाण्याचा. काळ्या मातीत उंचवट्यावरच लावा.