परदेशातल्या गिऱ्हाइकाचे पैसे पुण्यातल्या खात्यात: आयईसी ते ई-बीआरसी

तांबट आळीतल्या मठारकाम केलेल्या तांब्याचा फोटो वहिनीने इन्स्टाग्रामवर टाकला आणि टोरांटोहून एका बाईंनी विचारलं, ‘पैसे कसे पाठवू?’ वहिनीने सवयीने यूपीआयचा क्यूआर पाठवला. तो अर्थातच चालला नाही. मग त्या बाई म्हणाल्या, वेस्टर्न युनियनने पाठवते. नशीब, तेव्हा वहिनीने मला फोन केला. मनी ट्रान्स्फरची ती सोय घरच्यांना खर्चाला पैसे पाठवण्यासाठी आहे. विकलेल्या मालाची किंमत त्या वाटेने घेता येत नाही.

खरं तर पैसे मागवणं हा यातला सोपा भाग. आलेली रक्कम अमुक पार्सलचीच आहे, हे बँक, कस्टम आणि जीएसटी या तिघांनाही दिसलं पाहिजे. पुढची सगळी कागदपत्रं त्यासाठीच.

कोण अर्ज करू शकतं

कंपनी काढावी लागत नाही. स्वतःच्या पॅनवर, एकट्याच्या नावाने धंदा करणाऱ्यालाही आयात-निर्यात कोड, म्हणजे आयईसी, मिळतो. उलाढालीची किमान अट नाही. भाचीला दिवाळीचा फराळ पाठवताना हा कोड लागत नाही, पण तोच फराळ तिच्या शेजारणीला विकलात तर लागतो.

अर्ज डीजीएफटीच्या, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालयाच्या, संकेतस्थळावर करायचा. पुण्यात त्यांचं प्रादेशिक कार्यालय आहे, पण या कामासाठी तिकडे खेटे घालायची गरज नाही. पॅन, पत्त्याचा पुरावा, नाव छापलेला रद्द केलेला चेक किंवा बँकेचं प्रमाणपत्र, आणि सहीसाठी आधारचा ओटीपी. शुल्क ५०० रुपये. एजंट याचे दोन-तीन हजार सांगतात. फॉर्म अर्ध्या तासाचा आहे, हे आधी बघून मग काय ते ठरवा. मिळणारा कोड म्हणजे तुमचा पॅन क्रमांकच असतो.

वहिनीचा अर्ज अडला तो नावावर. पॅनवर लग्नानंतरचं नाव, चेकवर माहेरचं. पॅन, आधार, बँक खातं आणि जीएसटी या चारही ठिकाणी नाव अक्षर न अक्षर सारखं आहे का, हे आधी तपासा. तिचे तीन आठवडे बँकेत नाव बदलून घेण्यात गेले.

जीएसटी आणि ‘आमची कुठे ४० लाखांची उलाढाल’

हे वाक्य मी पेठेत निदान दहा जणांकडून ऐकलंय. ४० लाखांची सवलत राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला आहे. निर्यात आंतरराज्य पुरवठ्यात धरली जाते, त्यामुळे सर्वसाधारण नियमाने पहिल्या विक्रीपासूनच नोंदणी लागते. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना २० लाखांपर्यंत सूट आहे. आपली वस्तू त्या यादीत आणि त्या अटींत बसते का, हे सीएला दाखवून घ्या.

नोंदणीला पॅन, आधार, फोटो, बँकेचा तपशील आणि जागेचा पुरावा लागतो: महावितरणचं बिल किंवा मिळकतकराची पावती. घर सासऱ्यांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतीपत्र, भाड्याचं असेल तर लीव्ह अँड लायसन्सचा करार.

नोंदणी झाली की लगेच एलयूटी, म्हणजे हमीपत्र भरा. फॉर्म आरएफडी-११, शुल्क नाही. ते असलं की निर्यातीच्या बिलावर कर न भरता माल पाठवता येतो. नसलं, तर आधी आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य पुरवठ्यावरचा जीएसटी, भरा आणि मग परतावा मागत बसा.

खातं आणि एडी कोड

इथे पुण्याची एक खास अडचण आहे. आपल्यातल्या पुष्कळांचा व्यवहार कोपऱ्यावरच्या पतपेढीत किंवा छोट्या सहकारी बँकेत असतो. परकीय चलनाचा व्यवहार फक्त रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या अधिकृत विक्रेता (ऑथराइज्ड डीलर, म्हणजेच एडी) बँकेतून होतो. पतपेढी त्यात नाही. तेव्हा परवाना असलेल्या बँकेत चालू खातं काढा. शॉप अॅक्टची पावती आणि उद्यम नोंदणी तिथे उपयोगी पडते. उद्यम नोंदणी मोफत आहे.

खातं झालं की बँकेच्या लेटरहेडवर एडी कोडचं पत्र मागा आणि तो कोड कस्टमच्या आइसगेट पोर्टलवर नोंदवा. शाखेत कुणी ‘हे काय असतं?’ म्हणालं तर वाद घालू नका. फॉरेक्सचं काम बघणारी शाखा कुठली, एवढं विचारा आणि तिकडे जा.

पैसे येण्याच्या वाटा

रक्कम मोठी असेल तर स्विफ्टने, म्हणजे देशोदेशीच्या बँकांना जोडणाऱ्या यंत्रणेतून, थेट बँकेत घ्यावी. गिऱ्हाइकाला खात्यावरचं नाव, खाते क्रमांक, शाखेचा पत्ता आणि स्विफ्ट कोड द्या. पैसे आले की बँक कारण विचारते, तिथे परपज कोड लिहायचा. मालाची आगाऊ रक्कम असेल तर पी०१०३. पण साठ डॉलरच्या तांब्यासाठी ही वाट परवडत नाही. मधली बँक दहा-वीस डॉलर कापून घेते, इथल्या बँकेचं शुल्क वेगळं, आणि चलन बदलण्यावर किमान ४५ रुपये जीएसटी.

छोट्या रकमेला पेपाल किंवा परदेशी कार्ड घेणारा पेमेंट गेटवे बरा. पेपाल १ एप्रिल २०२१पासून भारतातल्या भारतात चालत नाही, परदेशातून पैसे घ्यायला चालतं. पैसे तिथे साठवून ठेवता येत नाहीत, ते आपोआप तुमच्या बँकेत येतात. शुल्क चार टक्क्यांच्या वर जातं आणि चलनाच्या दरातही कात्री लागते, म्हणून किंमत लावतानाच ते धरा. गेटवे निवडताना त्याला रिझर्व्ह बँकेची क्रॉस बॉर्डर परवानगी आहे का, ते पाहा. हे नियम ३१ ऑक्टोबर २०२३ला आले. आता एका व्यवहाराला २५ लाखांची कमाल मर्यादा आहे. आपल्याला ती कशाला लागतेय म्हणा.

गिऱ्हाईक पेपालवर १८० दिवसांपर्यंत तक्रार करू शकतं. ट्रॅकिंग क्रमांकाशिवाय पार्सल पाठवलंत तर तुमच्याकडे पुरावा उरत नाही.

गाठ मारणं

पार्सल टपालाने जाणार असेल तर डाक घर निर्यात केंद्राच्या पोर्टलवर पोस्टल बिल ऑफ एक्स्पोर्ट भरा. त्यात आयईसी, जीएसटी क्रमांक, एडी कोड, बिलाचा क्रमांक आणि एचएस कोड, म्हणजे मालाचा प्रकार सांगणारा क्रमांक, येतो. तांब्याच्या घरगुती भांड्यांसाठी तो ७४१८ने सुरू होतो. साधं परदेशी पार्सल म्हणून किंवा ‘भेटवस्तू’ लिहून पाठवलंत तर पैसे एकीकडे, माल दुसरीकडे, आणि निर्यात कुठेच नाही.

पैसे जमा झाले की बँक त्याची नोंद डीजीएफटीकडे पाठवते. नोव्हेंबर २०२३पासून ई-बीआरसी, म्हणजे निर्यातीचे पैसे बँकेत आल्याचं ऑनलाइन प्रमाणपत्र, आपलं आपणच काढायचं असतं: पोर्टलवर ती नोंद निवडायची आणि आपल्या बिलाशी जोडायची. माल आधी पाठवून पैसे नंतर घेणार असाल, तर वसुलीला पूर्वी नऊ महिने मिळायचे. नोव्हेंबर २०२५मध्ये रिझर्व्ह बँकेने ते पंधरा केले. अनोळखी गिऱ्हाइकाला मात्र पंधरा दिवसही देऊ नका.

जुन्या बाजारातून भांडी उचलून विकणाऱ्यांसाठी एक. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. वस्तू नुसती जुनी दिसत असली तरी कस्टम अडवू शकतं. अशा वेळी ती पुरावस्तू नसल्याचं पुरातत्त्व खात्याचं प्रमाणपत्र लागतं.

आणि कॅलेंडरवर दोन खुणा करून ठेवा. एलयूटी ३१ मार्चला संपतो, नवा भरावा लागतो. आयईसीची माहिती दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये अद्ययावत करायची, काही बदललं नसलं तरी. विसरलात तर कोड बंद पडतो, आणि ते कळतं पार्सल काउंटरवर ठेवल्यावर.