ग्रेट डेनच्या पिल्लाला कॅल्शियमचं सिरप नको

ग्रेट डेन या थोराड जातीच्या कुत्र्याचं पिल्लू जन्मतः साधारण अर्ध्या किलोचं असतं. वर्षभरात ते पन्नाशी गाठतं, म्हणजे वजन जवळपास शंभरपट. एवढा देह पेलायचा तर हाडं भक्कम हवीत, असा विचार करून घरोघरी दुधातून कॅल्शियमचं सिरप सुरू होतं. नुकसान नेमकं इथेच होतं.

प्रौढ कुत्र्याचं आतडं गरजेपुरतंच कॅल्शियम शोषतं, बाकीचं विष्ठेतून बाहेर पडतं. पहिल्या काही महिन्यांत पिल्लाला हा नळ नीट बंद करता येत नाही. पोटात जाईल त्याचा मोठा वाटा रक्तात शिरतोच. मग पातळी खाली आणायला शरीर कॅल्सिटोनिन हे संप्रेरक सोडतं आणि ते हाडाची मोडतोड करून त्याला आकार देणाऱ्या पेशींना थोपवतं. हाडाच्या टोकाशी असलेल्या कूर्चेचं हाड व्हायला उशीर लागतो, ती जाड होत जाते, आतपर्यंत पोषण पोचत नाही आणि तडा जातो. खांद्यातून लंगडणं, पुढचे पाय धनुष्यासारखे वाकणं ही त्याची दिसणारी रूपं. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात हे ग्रेट डेनच्या पिल्लांवरच तपासलं गेलं आहे.

म्हणून ‘मोठ्या जातींच्या पिल्लांसाठी’ असं लिहिलेलं तयार खाद्य द्यावं आणि त्यात वरून काहीही घालू नये. नुसत्या चिकन-भातावर वाढवणं ही उलट बाजूची चूक. मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नगण्य. शरीर ते हाडांतून काढून घेतं आणि हाडं ठिसूळ होतात. घरचंच जेवण द्यायचं असेल तर कॅल्शियम लागतं, पण ग्रॅममध्ये मोजून, पशुवैद्यकाने ठरवलेलं.

पिल्लू गुबगुबीत दिसलं की पाहुणे कौतुक करतात, पण डेन सडसडीतच वाढायला हवा. हात फिरवल्यावर बरगड्या सहज लागल्या पाहिजेत. दीड वर्षापर्यंत जिन्यावरची रोजची चढउतार आणि सायकलमागे धावणं टाळा. गुळगुळीत टाइल्सवर पाय फाकतात, तिथे रबरी चटई टाका. निजायला जाड गादी हवी; नाहीतर कोपरावर घट्टे पडतात आणि पुढे त्यात पाणी साठतं.

नावात डेन असला तरी डेन्मार्कशी याचा संबंध नाही. ही जर्मनीची जात, रानडुकराच्या शिकारीसाठी जोपासलेली. नराची उंची खांद्याशी किमान 80 सेंटिमीटर, त्यामुळे फाटकावरचा अनोळखी माणूस भुंकणं ऐकण्याआधीच थबकतो. त्याला आक्रमक बनवण्याची गरजच नाही. दिवसभर साखळीला बांधलेला डेन राखण करत नाही, बिथरतो. पट्ट्याला ओढ न देता चालायला तो दहा-बारा किलोचा असतानाच शिकवा. साठ किलोचा झाल्यावर तोच तुम्हाला फिरवतो.

प्रौढपणी सर्वांत मोठा धोका पोटाचा. छाती खोल असल्याने जठर वायूने फुगतं आणि कधी स्वतःभोवती पीळ खातं. दोन्ही तोंडं आवळली जातात, हृदयाकडे परतणारं रक्त अडतं, कुत्रा शॉकमध्ये जातो. खूण ओळखायला सोपी आहे: उलटीसाठी उमाळे येतात पण बाहेर फक्त फेस, लाळ गळते, पोट ढोलासारखं ताणतं, कुत्र्याला बसवत नाही. ओव्याचं पाणी पाजून वाट पाहू नका. फोन करतच थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्याकडे निघा, कारण हातात मोजकेच तास असतात.

धोका कमी करायला दिवसाचं खाणं दोन-तीनदा विभागून द्या आणि बकाबका खाणाऱ्यासाठी उंचवटे असलेलं ताट वापरा. भांडं स्टुलावर ठेवायचा सल्ला सर्रास मिळतो. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या 2000 सालच्या अभ्यासात मात्र उंच भांड्याने धोका वाढलेला दिसला. मादीची नसबंदी करताना त्याच भुलीत जठर पोटाच्या भिंतीला टाके घालून शिवून घेता येतं. मग ते फुगलं तरी सहसा पीळ बसत नाही.