कॉब, ली जे.

(८ डिसेंबर १९११ – ११ फेब्रुवारी १९७६). अमेरिकन रंगभूमीवरील आणि चित्रपटांतील श्रेष्ठ चरित्र अभिनेते. मूळ नाव लिओ जेकोबी. जन्म न्यूयॉर्कमधील ज्यू कुटुंबात. १९३५ मध्ये ते ग्रुप थिएटर या नाट्यसंस्थेत दाखल झाले. दणकट देह आणि भारदस्त आवाज यांमुळे ऐन तारुण्यातच बापाच्या भूमिका त्यांच्या वाट्याला आल्या. ‘गोल्डन बॉय’ (१९३९) या चित्रपटात ते विल्यम होल्डनचे वडील झाले. दोघांच्या वयात सात वर्षांचेही अंतर नव्हते.

१० फेब्रुवारी १९४९ रोजी आर्थर मिलर यांचे ‘डेथ ऑफ अ सेल्समन’ ब्रॉडवेवरील मोरोस्को थिएटरमध्ये आले. दिग्दर्शक होते इलिया कझान. साठी उलटलेला, पार थकलेला फिरता विक्रेता विली लोमन साकारणारे कॉब तेव्हा अवघे ३७ वर्षांचे होते. मिलर यांच्या मनातला विली चणीने लहान होता. दुसरा एक विक्रेता त्याला ‘कोळंबी’ म्हणून हिणवतो, असे मूळ संहितेत होते. कॉब यांच्यासाठी मिलर यांनी तिथे ‘वॉलरस’ (सुळे असलेला अवाढव्य समुद्री प्राणी) केले. नमुन्यांच्या दोन जड पेट्या घेऊन असा डोंगराएवढा माणूस वाकून घरात शिरतो, तेव्हा पोटात कालवते.

कलावंतांमधील साम्यवादी हुडकणाऱ्या संसदीय समितीपुढे साक्ष द्यायला कॉब दोन वर्षे नकार देत राहिले. काम मिळेना, पैसे संपले, पत्नी आजारी. अखेर १९५३ मध्ये त्यांनी वीस सहकाऱ्यांची नावे सांगितली. त्यांच्या चरित्रातले हे दुखरे पान वगळता येत नाही. पुढच्याच वर्षी कझान यांच्या ‘ऑन द वॉटरफ्रंट’मध्ये त्यांनी गोदी कामगारांच्या संघटनेचा गुंड म्होरक्या रंगवला आणि त्यांना ऑस्कर नामांकन मिळाले. कझान यांनीही अशीच साक्ष दिली होती. चित्रपटाचा नायकही साक्षच देतो.

‘१२ अँग्री मेन’मधील (१९५७) तिसरा ज्युरर (खटल्यात आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या बारा नागरिकांपैकी एक) ही त्यांची पडद्यावरची सर्वांत खोल भूमिका. तो टेबलावर पाकीट आपटतो आणि मुलासोबतचा फोटो बाहेर येतो. संतापून तो फोटो फाडतो आणि तिथेच कोसळून रडू लागतो. ‘निर्दोष’ हा शब्द हुंदक्यांतूनच निघतो. बासू चटर्जींच्या ‘एक रुका हुआ फैसला’मध्ये हीच भूमिका पंकज कपूर यांनी केली.

‘द ब्रदर्स कारामाझोव्ह’साठी (१९५८) त्यांना दुसरे नामांकन मिळाले, तिथेही ते बापच. १९६६ मध्ये दूरचित्रवाणीसाठी त्यांनी विली पुन्हा उभा केला, तेव्हा ते ५४ वर्षांचे होते. १९६८ मध्ये लिंकन सेंटरमध्ये त्यांनी किंग लिअर केला. ‘द एक्सॉर्सिस्ट’मधील (१९७३) पोलीस अधिकारी नव्या पिढीच्या लक्षात राहिला. लॉस एंजेलिस येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.