मूत्राशयाचं अस्तर सोललं तर भरून कसं येतं?

लघवीतलं पोटॅशियम रक्तातल्यापेक्षा दहापट किंवा त्याहूनही जास्त असू शकतं. अशी 400-500 मिलिलिटर लघवी मूत्राशयात तासन्‌तास साठते, तरी भिंतीत जवळजवळ काहीच मुरत नाही. ही किमया आतल्या अस्तराची. त्याच्या सगळ्यात वरच्या थरात मोठाल्या, पसरट ‘छत्रीपेशी’ असतात. एकेक छत्रीपेशी खालच्या अनेक लहान पेशींना झाकते. शेजारच्या पेशी एकमेकींना घट्ट शिवलेल्या असतात, आणि लघवीच्या बाजूला युरोप्लाकिन या प्रथिनाची फरसबंदी असते. तिच्यावर शर्करेच्या लांब साखळ्यांचा बुळबुळीत लेप असतो. त्याला डॉक्टर ‘गॅग थर’ म्हणतात.

हे कवच फाटलं की पोटॅशियम खालच्या मज्जातंतूंपर्यंत झिरपतं. मग मूत्राशय भरत आलं की कळा येतात, लघवी केली की थोडा वेळ बरं वाटतं, आणि अर्ध्या तासात पुन्हा घाई होते.

कवच फाटतं कशानं? वारंवार होणाऱ्या जंतुसंसर्गानं, ओटीपोटावर घेतलेल्या रेडिएशननं, केटामाइन या भुलीच्या औषधाच्या व्यसनानं. कर्करोगावरचं सायक्लोफॉस्फमाइड शरीरात मोडतं तेव्हा तयार होणारं अक्रोलिन लघवीतून येऊन अस्तर अक्षरशः भाजतं. म्हणून जास्त डोस देताना सोबत मेस्ना देतात. ते अक्रोलिनला मूत्राशयातच निकामी करतं.

या अस्तराची एरवीची चाल फार संथ असते. जुन्या पेशी जाऊन नव्या यायला कित्येक महिने लागतात. पण इजा झाली की तेच अस्तर झपाट्यानं कामाला लागतं. ई. कोलाय जंतू छत्रीपेशींना चिकटले की त्या पेशी जंतूंसकट गळून लघवीतून बाहेर पडतात. त्याच वेळी तळातल्या पेशी ‘सॉनिक हेजहॉग’ नावाचा संदेश खालच्या ऊतींना धाडतात, तिथून उलट संदेश येतो आणि पेशींची वाढ सुरू होते. उंदरांमध्ये उघडी पडलेली जागा काही दिवसांतच झाकली जाते. म्हणजे दुरुस्ती तळातून वर होते. इजा रोजच होत राहिली, तर कोवळ्या पेशी पक्व होण्याआधीच सोलल्या जातात.

मूत्राशयात नळीनं सोडायची औषधं नव्या पेशी पक्व होईपर्यंतच्या काळासाठी आहेत. गळक्या कौलांवर पावसाळ्यापुरती ताडपत्री टाकावी, तसं त्यांचं काम. हायलुरॉनिक आम्ल, म्हणजे गॅग थरासारखीच शर्करेची साखळी, 40 मिलिग्रॅम 50 मिलिलिटर द्रावणात येतं. दुसऱ्या एका तयार मिश्रणात 50 मिलिलिटरमध्ये 800 मिलिग्रॅम हायलुरॉनिक आम्ल आणि 1 ग्रॅम कॉन्ड्रॉइटिन सल्फेट असतं. सहसा सुरुवातीला 4 ते 6 आठवडे आठवड्यातून एकदा, मग महिन्यातून एकदा, असा क्रम ठेवतात.

कृती साधी, पण चुकायला भरपूर वाव असलेली. आधी लघवी तपासून संसर्ग नाही याची खात्री करतात. संसर्ग असताना नळी घातली तर जंतू वर चढू शकतात. भूल देणारी जेली लावून बारीक कॅथेटर घालतात आणि मूत्राशय पूर्ण रिकामं करतात. इथे घाई केली तर उरलेल्या लघवीत औषध पातळ होतं. मग औषध हळूहळू सोडून कॅथेटर काढतात. औषध किमान अर्धा तास, जमल्यास दोन तास, आत राहायला हवं. म्हणून आधीचे काही तास पाणी बेतानं प्यावं. कळांमुळे दहा मिनिटांतच बाहेर टाकलं गेलं तर फायदा कमीच. अशांना आधी लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध आणि सोडियम बायकार्बोनेटचं मिश्रण सोडून मूत्राशय शांत करतात. दोन खेपांत फरक दिसला नाही म्हणून उपचार सोडून देणारे खूप असतात. ही घाई बरी नव्हे.

वारंवार होणारा संसर्ग कमी करण्यात या औषधांचा उपयोग दिसून आला आहे. दुखऱ्या मूत्राशयात मात्र चाचण्यांचे निकाल एकसारखे नाहीत. तोंडानं घ्यायचं पेंटोसन (100 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा) गुण द्यायला तीन ते सहा महिने घेतं. त्याचा फार थोडा भाग लघवीत उतरतो आणि दीर्घकाळ घेतल्यास डोळ्याच्या पडद्याला इजा होऊ शकते, म्हणून नेत्रतपासणी टाळू नये.

रेडिएशनची गोष्ट निराळी. तिथे रक्तवाहिन्याच आटतात, त्यामुळे वरून लेप देऊन भागत नाही. बंद कक्षात जास्त दाबाखाली श्वासातून घ्यायच्या ऑक्सिजनच्या 30 ते 40 बैठकांनी नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत होते. केटामाइनमध्ये व्यसन सुटल्याशिवाय कुठलंच औषध टिकत नाही. भिंत आक्रसून कडक झाली की शस्त्रक्रियेवाचून फारसं काही उरत नाही.

लघवीत रक्त दिसलं आणि संसर्ग सापडला नाही, तर मूत्राशयात औषध घालायला सुरुवात करण्याआधी दुर्बिणीनं मूत्राशय आतून पाहून घ्यावं. अस्तरातच पसरणारा सुरुवातीचा कर्करोगही अशीच जळजळ आणि घाई देतो.